पहिल्याला फुकट

“तुम्ही घेतलीत म्हणून आम्हीही घेतली,” असं म्हणत त्या बाईनं कल्याणीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि आपण काय घेतलं ते कल्याणीला काही केल्या आठवेना.

बेलग्रेव्ह रोडवरच्या त्या भाजीच्या दुकानात शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते. गवारीच्या खोक्यासमोर दोघी उभ्या होत्या आणि मागची माणसं कोपरानं वाट काढत होती. बाईच्या कोटाखाली हॉस्पिटलचा निळा गणवेश दिसत होता. डोळे जागरणानं ओढलेले, पण चेहरा उजळलेला. अक्षरा, तिनं आपणहून नाव सांगितलं; मूळची उमरेडची, इथं विलायतेत नर्स. भीमजयंतीच्या कार्यक्रमात तिनं कल्याणीचं भाषण ऐकलं होतं. मग तिनं एका दमात सगळं सांगितलं. नवरा महिनाभर तयार होत नव्हता, शेतातला प्लॉट कोण घेतं म्हणायचा. शेवटी प्लॉट विकणाऱ्या सुखदेवभाऊंनी सांगितलं की पहिला, कोपऱ्यावरचा प्लॉट कल्याणी मॅडमचा आहे, तेव्हा तो गप्प झाला. युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवणारी बाई काय डोळे मिटून जमीन घेईल? म्हणजे आता आपण शेजारी होणार, असं म्हणून अक्षरानं हात आणखी दाबला. कल्याणी हसली. हो का, छान, असं काहीतरी म्हणाली. हात सुटल्यावर तिनं गवार पिशवीत भरली, पैसे दिले आणि रस्त्यावर आली, तरी ते हसू तोंडावर तसंच होतं, पुसायचं राहून गेलेल्या साबणासारखं. कल्याणीनं कुठलीही जमीन घेतली नव्हती.

भुरभुर पाऊस होता. साड्यांच्या दुकानांच्या काचांतून पुतळे एक हात पुढं करून उभे होते. ती घराच्या दिशेनं चालू लागली आणि चालता चालता तिला एप्रिलमधला तो दिवस आठवला. सुखदेवभाऊ एक मिनीबस करून आपल्यातल्या बऱ्याच जणांना शहराबाहेर मेल्टनच्या बाजूला एक शेत दाखवायला घेऊन गेले होते. वारा होता, काटेरी कुंपणाला पांढरी फुलं आली होती. थर्मासमधला चहा सगळ्यांना पुरला. सुखदेवभाऊंनी हात लांब करून इथं रस्ता, इथं घरं, तिथं मधोमध विहार असं दाखवलं आणि सगळ्यांनी त्या बोटाच्या टोकाकडे पाहिलं. कल्याणीनंही पाहिलं. मग फोटो. मॅडम, तुम्ही मधे या, असं ते म्हणाले होते. ती कडेला उभी होती, तिला हाताला धरून मधे आणलं होतं. त्या वेळी तिला ते मानाचं वाटलं होतं. आता, ट्रॅफिकचा दिवा हिरवा होण्याची वाट बघत असताना, दंडावरची त्यांची ती बोटं तिला पुन्हा जाणवली.

संशय हा तिच्या पोटापाण्याचा धंदा होता. पंधराएक वर्षं ती एकाच गोष्टीचा अभ्यास करत होती: अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हा न्यूयॉर्कच्या पश्चिम भागात, पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात पसरलेली अफाट जंगलं माणसांना विकणारे जमिनीचे एजंट. त्यातल्या बऱ्याच जमिनींचे धनी समुद्रापलीकडं होते, त्यांनी ते जंगल कधी पाहिलेलं नव्हतं. एजंट मात्र तिथं राहत. लाकडी कचेरी बांधत, नकाशे काढवून घेत, आणि नकाशावर नसलेल्या गावांना नावं देत. आधी गिरणी उभी करा, माणसं गिरणीच्या आवाजानं येतात, हे त्यांचं शहाणपण. पहिल्या लोहाराला, पहिल्या पाद्र्याला चौकातली जागा फुकट द्या, किंवा फुकटासारखी द्या. लोहार आला की चार शेतकरी येतात, पाद्री आला की त्यांच्या बायका येतात. विद्यार्थ्यांना हे सांगताना ती नेहमी थोडं थांबत असे आणि मुलं हसत असत. कोपऱ्यावरचा प्लॉट. पहिला. तिच्याच तोंडचं वाक्य कोणीतरी तिच्या पाठीमागं उभं राहून म्हटल्यासारखं झालं, आणि ती रस्त्यात मागं वळून पाहू लागली.

सुखदेवभाऊ वाईट आहेत असं म्हणायला मात्र जीभ वळत नव्हती. बावीस वर्षांपूर्वी ती नागपूरहून इथं शिकायला आली तेव्हा कोचच्या स्टँडवर तिला घ्यायला तेच आले होते, “जय भीम” म्हणून तिची बॅग उचलून चालूही लागले होते. त्या वेळी ते मोज्यांच्या कारखान्यात होते. पुढं घरं भाड्यानं लावून देण्याचं छोटं ऑफिस टाकलं. खोली हवी, सुखदेवभाऊ. एअरपोर्टवर सोडायचं, सुखदेवभाऊ. नवऱ्याचे, संघर्षचे, वडील तिकडं वारले आणि तिकीट मिळत नव्हतं, तेव्हा दुसऱ्या दिवसाचं तिकीट हातात ठेवणारे सुखदेवभाऊ. हे सगळं आठवता आठवता एकेका आठवणीचा रंग उतरू लागला. तिच्या अभ्यासातला एक एजंट पहिल्या हिवाळ्यात वस्तीवरच्या लोकांना बियाणं आणि मीठ वाटत असे. त्याची पत्रं तिनं इतकी वाचली होती की त्याच्या अक्षराचा कल तिला ठाऊक होता. त्यानं मायेपोटी वाटलं की माणसं टिकावीत म्हणून? तिनं एका निबंधात लिहिलं होतं की हा प्रश्नच चुकीचा आहे. आता ते वाक्य तिला फार निर्दय वाटलं, आणि तरी बावीस वर्षांची एकेक उपकाराची गोष्ट ती उलटी करून तिच्या पाठीवर काय लिहिलंय ते बघतच राहिली.

घरी सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. गयाबाई दर वर्षी उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे येत. दरवेळी पहिले पंधरा दिवस हौसेचे, मग पुढं करमत नाही, करमत नाही. यंदा मात्र करमत होतं. यंदा त्या सकाळी उठून गुणगुणत, शेजारच्या बागेत काय उगवलंय त्याची चौकशी करत, मातीत बोट घालून बघत. कल्याणी आत आली तेव्हा संघर्ष त्यांच्याजवळ खाली बसून हळू आवाजात काही सांगत होता आणि तिला पाहून थांबला. तसं थांबणं काही नवं नव्हतं. मायलेक बोलत असले की सून आल्यावर थांबतातच, त्यात वावगं काही नाही, असं ती स्वतःला इतकी वर्षं सांगत आली होती. आज तिला त्या थांबण्याचा आवाज ऐकू आला. भाजी ओट्यावर ठेवताना तिला वाटलं, या घरात सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे. भिंतींना, फ्रिजला, खिडकीशी बसलेल्या म्हातारीला. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. असा संशय येऊ लागला की माणूस कुठं जाऊन थांबतं?

जेवणं झाल्यावर संघर्ष भांडी घासत होता. तो हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचा आणि घरची भांडीही तपासणीच्या काचनळ्या धुवाव्या तशी उजेडाला धरून धुवायचा. ती बाजूला उभी राहून पुसून ठेवत होती. तिनं अक्षराची गोष्ट सांगितली, अगदी सहज, कोणीतरी सुखदेवभाऊंचं बोलणं चुकीचं ऐकलं असेल अशा सुरात. त्याचा हात नळाखाली थांबला. पाणी वाहत राहिलं.

“चुकीचं नाही ऐकलं,” तो म्हणाला. “त्यांनी दिला. माझ्या नावावर आहे, म्हणजे आपलाच.”

कधी दिला, किती दिवस झाले, हे तिनं विचारलं की नाही ते तिला नंतर आठवेना. तो मात्र सांगत गेला. भाऊ म्हणाले, समाजासाठी मॅडमनी इतकं केलं, त्यांच्याकडून पैसे घेणार नाही. नको म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. तिला सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून सांगायचं लांबलं. आईला सांगितलं, कारण आई रोज रात्री जायचं म्हणत होती आणि सांगितल्यापासून एकदाही म्हणाली नाही. त्याचा आजा दुसऱ्याच्या बांधावर राबला आणि त्याच बांधावर उन्हात पडून मेला, तेव्हा प्रेत ठेवायला सावलीसुद्धा दुसऱ्याची होती. आईनं हे डोळ्यांनी पाहिलंय. तिला कळलं की आपल्या नावावर जमीन आहे, तर ती म्हणाली, मले ते चित्र दाखव. आणि फोनमधला शेताचा फोटो बोटांनी मोठा करकरून बघत बसली.

कल्याणीनं त्याला लोहाराची आणि पाद्र्याची गोष्ट सांगितली. वर्गात सांगते तशी नाही. फुकट दिलेली जमीन ही जमीन नसते, ती जाहिरात असते. “मग आपण कोण त्यात?” तिनं विचारलं. “लोहार की पाद्री?”

संघर्षनं नळ बंद केला. हात पुसले. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, तुला प्रत्येक माणसात तो तुझा दोनशे वर्षांपूर्वी मेलेला एजंट दिसतो. एखाद्या दिवशी माझ्यातही दिसेल. मग तो आईचं अंथरूण घालायला गेला आणि ती ओट्याशी उभी राहिली. एखाद्या दिवशी कशाला, तिच्या मनात आलं, आत्ताच दिसला होता. नळाखाली थांबलेल्या त्या हातात.

पुढच्या शनिवारी ती एकटीच गाडी घेऊन शेतावर गेली. वाटेत दोन वेळा परत फिरावंसं वाटलं. आपण कोणाची चोरी पकडायला चाललोय की स्वतःची, हे तिला ठरवता येत नव्हतं. फाटक उघडंच होतं. एप्रिलमधलं गवत आता गुडघ्याला लागत होतं आणि त्यात ठिकठिकाणी नारिंगी टोकांच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. कोपऱ्यावरची पहिली खुंटी तिनं पाहिली. तिच्याजवळ जावंसं वाटेना, आणि नजर काढवेना. तेवढ्यात शेताच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी हललं. झुडपांच्या आडोशाला एक जुना ट्रेलर उभा होता, एक पाण्याचं टिनाचं टाकं होतं, आणि दोन केसाळ पायांच्या घोड्या आणि एक गाढव मान खाली घालून चरत होते. टाक्याशी एक साठीची गोरी बाई बादली घासत होती. एप्रिलमध्ये हे सगळं इथंच असणार. पण मिनीबसमधून उतरलेल्या कोणाला ते दिसलं नव्हतं. सगळे बोटाच्या टोकाकडे बघत होते.

बाईचं नाव डॉरीन. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शब्दावर तिची जनावरं वर्षानुवर्षं इथं चरत होती. कधी ती त्याचं कुंपण नीट करी, कधी वर्षाकाठी थोडेफार पैसे देई. म्हातारा गेला, पोरांनी शेत विकलं, तिला खुंट्या ठोकल्यावर कळलं. एक माणूस आला होता, ती म्हणाली, फार सभ्य माणूस. मिठाईचा डबा घेऊन आला होता. बांधकाम सुरू होईस्तोवर घोड्या राहू देत म्हणाला. “तू त्या लोकांतली का?” तिनं विचारलं. कल्याणी नाही म्हणाली. मग थोड्या वेळानं हो म्हणाली. डॉरीननं बादली उपडी केली आणि दोन्ही उत्तरं एकाच तऱ्हेनं ऐकून घेतली.

सुखदेवभाऊ तिथंच भेटले. दर शनिवारी ते कोणा ना कोणाला शेत दाखवायला आणत. त्या दिवशी येणारं कुटुंब आलं नव्हतं, म्हणून एकटेच फाटकाशी उभे होते, स्वेटरवर कोट, डोक्याला मफलर. ती येताना त्यांना दिसली तसे ते हसले, आणि तिचा चेहरा पाहून हसू आवरलं. तिनं मनात पुष्कळ जुळवून आणलं होतं, पण तोंडून एकच प्रश्न निघाला: इथं घर बांधायची परवानगी आहे का? नाही, ते म्हणाले. आज नाही. कौन्सिल आज देणार नाही, उद्याही नाही. पण शहर इकडंच येऊन राहिलंय. मी आलो तेव्हा जिथं मेंढ्या होत्या तिथं आता सुपरमार्केट आहे. दहा वर्षं लागोत, पंधरा लागोत. लोकांना हे सांगितलंय का, असं तिनं विचारलं. सांगितलंय, ते म्हणाले. मग क्षणभर थांबून, ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं. आणि तुम्ही स्वतःचं काय घातलंत, तिनं विचारलं. स्वतःचं राहतं घर तारण ठेवून शेत घेतलं होतं त्यांनी. हे सांगताना त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि शेताकडे पाहिलं. त्या पाहण्यात असं काही होतं की कल्याणी चरकली. ती लबाड माणसाला भेटायला आली होती. समोर उभ्या माणसाला त्या गवतात खरोखरच विहार दिसत होता.

“मला फुकट का दिलात, भाऊ?”

“तुमच्यामुळं लोक येतील म्हणून,” ते म्हणाले. जराही न अडखळता म्हणाले. “त्यात लपवाचं काय? आपला माणूस कुठं एकटा पाऊल टाकते का, मॅडम? पुढं कोणी चाललं पाहिजे. तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे. मी कामाला लावला तो.”

इतक्या वर्षांत एकाही पत्रात, एकाही हिशेबात, कोणत्याही एजंटानं हे तिला इतक्या उघडपणे सांगितलं नव्हतं. राग यायला हवा होता. तो आला नाही. तिनं डॉरीनच्या दिशेनं मान वळवली आणि विचारलं, आणि त्या बाईचं काय?

“तिचं काय? तिच्यापाशी कागद नाही,” सुखदेवभाऊ म्हणाले, आणि मग मायेनं म्हणाले, वाऱ्यात उभ्या राहू नका, गाडीत बसा. कल्याणीनं ते वाक्य पुष्कळदा वाचलं होतं. निरनिराळ्या अक्षरांत, निरनिराळ्या सह्यांखाली, त्या जंगलांतल्या मूळच्या सेनेका लोकांबद्दल, त्यांच्या मक्याच्या शेतांबद्दल, नदीकाठच्या थडग्यांबद्दल. ज्यांनी ते लिहिलं ते सगळे परके होते, मेलेले होते. आज तिला घ्यायला कोचच्या स्टँडवर आलेल्या माणसानं, तिच्याच गावच्या बोलीत, तिला सर्दी होऊ नये म्हणून काळजी करता करता ते म्हटलं होतं.

रविवारी बुद्धवंदनेनंतर समाजाच्या हॉलमध्ये चहा होतो. खुर्च्या आवरायच्या आधी कल्याणी उठून उभी राहिली आणि मला दोन मिनिटं बोलायचंय म्हणाली. तिनं संघर्षला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तो आईशेजारी मान खाली घालून बसला होता. ती थोडकंच बोलली. आम्ही ती जमीन विकत घेतलेली नाही, ती आम्हाला दिली गेली. तुम्ही यावं म्हणून दिली गेली. तिथं घर बांधायची परवानगी नाही आणि आपल्या हयातीत मिळेल याची काही खात्री नाही. ज्यानं माझ्याकडे पाहून पैसे घातले असतील त्यानं माझ्याकडे पाहू नये. ती बसली. तिनं काय धरलं होतं मनात? कोणी सुखदेवभाऊंना जाब विचारेल, आवाज चढतील. कोणी तसं केलं नाही. मागच्या रांगेतून एका माणसानं शांतपणे विचारलं, मॅडम, तुमचं स्वतःचं घर आहे ना इथं? आहे, ती म्हणाली. दुसऱ्या एका बाईनं विचारलं, की हे सगळं आधी माहीत होतं तर फोटोत मधे का उभ्या राहिलात? अक्षरा दाराजवळ नवऱ्याशेजारी उभी होती, गणवेशावरच, बहुधा इथून ड्युटीवर जाणार होती. नवरा तिच्याकडे बघत होता, आणि ती कल्याणीकडे. त्या नजरेत राग असता तरी चाललं असतं. अक्षरा तिला तपासत होती, कोणतं बोलणं खरं, त्या दिवशीचं हसू की आजचं भाषण, आणि तपासून झाल्यावर तिनं डोळे काढून घेतले.

सुखदेवभाऊ सगळ्यांच्या शेवटी उठले. मॅडम म्हणतात ते खरं आहे, ते म्हणाले, ज्याला पैसे परत पाहिजेत त्यानं मागावेत. आणि त्यांनी ते दिले. पहिल्यांदा ऑफिस गेलं, मग राहतं घर. सगळ्यांचे फिटले नाहीत. ज्यांचे फिटले नाहीत त्यांनी प्लॉट ठेवले आणि कल्याणीचं नाव काढणं सोडलं. ऑगस्टच्या शेवटी ते लीड्सला मुलीकडे राहायला गेले. जाताना भेटायला आले नाहीत. कोणी म्हणे पळाले, कोणी म्हणे मॅडमनी देशोधडीला लावलं, आणि कल्याणीला दोन्ही ऐकताना वाटे की आपण त्या व्यवहाराबद्दल बरोबर होतो आणि त्या माणसाबद्दल चुकलो. आणि दुसऱ्या दिवशी नेमकं उलट वाटे. तिला रात्री झोप येई, पण सकाळी जाग आली की पहिल्यांदा मनात येई ते कोणाचं तरी तोंड, आणि त्याच्यामागं काय असेल हा प्रश्न. विद्यार्थ्यानं मुदत वाढवून मागितली तरी ती त्याच्याकडे निरखून बघे. संघर्षनं चहा आणून दिला की क्षणभर थांबून घेई. त्याच्या ते लक्षात आलं होतं. तो कप ठेवून निघून जाई.

राहिला होता तो कोपऱ्यावरचा प्लॉट. परत करायचा, कल्याणी म्हणाली, आणि संघर्षनं मान डोलावली. गयाबाई खिडकीशी बसून ऐकत होत्या. त्या नाही म्हणाल्या. एवढ्या वर्षांत सुनेच्या शब्दाला त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. फुकटची नको असंल तं त्याले पैसे द्या, त्या म्हणाल्या, बिचाऱ्याले गरजच आहे. पन जमीन परत द्याची नाही. कल्याणीनं समजावलं. आई, तिथं घर होणार नाही, कधीच होणार नाही. तुम्हाला इथं वर्षाचे सहाच महिने राहता येतं, तेही सरकारनं व्हिसा दिला तर. काय करणार तुम्ही त्या तुकड्याचं?

“घर कोन मागते वो बाई?” गयाबाई म्हणाल्या. “मले तिथं कोनाले न विचारता उभं राहाचं आहे.”

कल्याणीकडे एजंटांचं सगळं होतं, त्यांची पत्रं, त्यांचे नकाशे, त्यांची गोड बोलणी. विकणाऱ्याचा एकही शब्द तिनं संशय न घेता सोडला नव्हता. घेणाऱ्याच्या तोंडाकडे तिनं इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. या म्हातारीचा संशय कसा घ्यायचा? तिनं प्रयत्नही करून पाहिला, तिच्या त्या पाण्यानं भरलेल्या पिवळट डोळ्यांत कुठं हट्ट, कुठं लोभ, कुठं लेकाला सुनेपासून तोडायची इच्छा आहे का ते शोधलं, आणि शोधता शोधता स्वतःच्या डोळ्यांची किळस येऊन मान वळवली. संघर्षनं दुसऱ्याच दिवशी लीड्सला पैसे पाठवले, इतरांनी दिले होते तेवढेच.

व्हिसा संपायच्या आधी गयाबाईंना कुंपण घालून हवं होतं. सप्टेंबरअखेरच्या एका सकाळी तिघं खांब, तार आणि मोठी हातोडी घेऊन शेतावर गेले. उन्हाला धार नव्हती, गवतावर दव होतं. गयाबाईंनी फाटकाशी चपला काढल्या. नको म्हणेपर्यंत त्या अनवाणी गवतातून चालत गेल्याही, कोपऱ्यावरच्या खुंटीपाशी उभ्या राहिल्या. संघर्षनं दुसरीकडे तोंड फिरवलं. मग त्या म्हणाल्या, चाल, लागा कामाले. दोन बाजूंचे खांब झाले. तिसऱ्या बाजूला आल्यावर कल्याणीच्या लक्षात आलं की प्लॉटाच्या मधून एक पायवाट गेली आहे. गवत नसलेली, खुरांनी दाबून दाबून काळी पडलेली. घोड्या रात्री झुडपांच्या आडोशाला असत आणि सकाळी पाण्याच्या टाक्याकडं याच वाटेनं येत. इथं थोडी फट सोडूया का, ती म्हणाली. घोड्यांना जायला.

गयाबाईंनी वाटेकडं पाहिलं, घोड्यांकडं पाहिलं. त्यांना जनावरं आवडत. आल्यापासून दोनदा त्यांनी गाढवाला हाक मारली होती. त्यांनी विचार केला, अगदी नीट, आणि मान हलवली. “आज वाट सोडली तं उद्या ते त्यायचीच होईन,” त्या म्हणाल्या. “आमच्या हातचं असंच गेलं, बाई. धर, खांब सरळ धर.”

कल्याणीनं खांब धरला. संघर्षनं हातोडी उचलली. प्रत्येक घावाचा हादरा लाकडातून तिच्या तळव्यांत, कोपरात, दाढांपर्यंत येत होता, आणि खांब थोडा थोडा खाली जात होता. शेताच्या टोकाकडून डॉरीन चालत येताना दिसली. ती घाई करत नव्हती. तिच्यामागं एक घोडी सवयीनं त्याच वाटेनं आली, नव्या तारेशी थांबली, तार हुंगली, आणि पुढं काय करायचं ते न कळून उभी राहिली. डॉरीननं तिच्या मानेवर हात ठेवला. अनवाणी उभ्या असलेल्या म्हातारीकडं पाहिलं, घाम पुसणाऱ्या संघर्षकडं पाहिलं, आणि विचारलं ते मात्र कल्याणीला: सगळीकडंच घालणार का असं?

“नाही,” कल्याणी म्हणाली, “एवढंच.”

डॉरीननं मान डोलावली. तिचा काही विश्वास बसला नव्हता, आणि तो बसू नये असंच कल्याणीला वाटलं. घोडीला वळवून ती तारेच्या कडेकडेनं लांबून टाक्याकडं नेऊ लागली. गयाबाईंनी पुढच्या खांबाची जागा पायाच्या अंगठ्यानं मातीत उकरून दाखवली, आणि कल्याणी खांब उचलून तिथं जाऊन उभी राहिली.